तांब्यापासून सुरुवात: रेखाटनाच्या पहिल्या दोन महिन्यांचा सराव

चित्र काढायला शिकायचं म्हणून माझ्याकडे येणारे बहुतेक जण तिशी-चाळिशी ओलांडलेले असतात. कुणाची मुलगी एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेली असते आणि तिचं वस्तुचित्र बघता बघता आईलाच पेन्सिल धरावीशी वाटते. कुणी नुकतेच निवृत्त झालेले असतात. दारातच सांगतात, "माझा हात चांगला नाही हो." मी त्यांना कागदावर सही करायला लावते. इतकी वळणं न अडखळता घेणारा हात पेलासुद्धा काढू शकतो. अडतं ते बघण्यापाशी. पेला समोर ठेवलेला असतो, आणि आपण मात्र डोक्यात आधीपासून बसलेला पेला कागदावर उतरवतो.

म्हणून खालच्या सरावात निम्मा वेळ हाताला आणि निम्मा डोळ्याला दिला आहे. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. आठवडाभर काही न करता रविवारी तीन तास बसलात तर तितका उपयोग होत नाही, कारण हात मधल्या सहा दिवसांत पुन्हा लिहिण्याच्या सवयीवर जातो.

सामान

एक २बी पेन्सिल, एक ६बी पेन्सिल, झेरॉक्सच्या ए-फोर कागदांचा गठ्ठा आणि परीक्षेला नेतात तसलं क्लिपचं पॅड. इतकंच. जाड कागदाची महागडी स्केचबुक सध्या घेऊ नका. मी स्वतः सुरुवातीला अशी वही घेतली होती आणि पान वाया जाईल या धास्तीनं तीन महिने तिच्यात एक रेघ ओढली नव्हती. या सरावात दीड-दोनशे पानं खर्ची पडायलाच हवीत, तेव्हा कागद स्वस्त असलेला बरा.

एच आणि बी हे काय प्रकरण आहे तेही समजून घ्या. आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. ग्राफाइट आणि चिकणमाती मिसळून, भाजून ती कांडी बनवतात. ही रीत फ्रान्समध्ये निकोला-जाक कोंते यानं १७९५ च्या सुमारास बसवली. माती जास्त असेल तर कांडी कडक आणि रेघ फिकट, म्हणजे एच. ग्राफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळी, म्हणजे बी. आकडा वाढेल तसा तो गुण वाढतो. रेघांच्या सरावाला २बी आणि छायेला ६बी, असा हिशेब ठेवा.

पेन्सिल शार्पनरनं न करता कटरनं तासा. लाकूड हळूहळू सोलत न्या आणि कांडी सेंटीमीटरभर बाहेर येऊ द्या. मग ती आडवी धरून कडेनं रुंद छटा देता येते आणि उभी धरून बारीक रेघही येते. कटरचं पातं कायम स्वतःपासून दूर चालवा.

खोडरबर पहिले पंधरा दिवस खणात राहू द्या. यावर मी अडून बसते, त्याला कारण आहे. चुकलेली रेघ खोडली की ती नेमकी कुठे चुकली होती याचा पुरावाच जातो, आणि दुसरी रेघही तिथेच चुकते. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी नवी काढली, तर दोन्हींमधलं अंतर दिसतं. ते अंतर दिसणं हाच या वेळचा अभ्यास आहे.

पहिली पायरी: बसणं आणि पेन्सिल धरणं

कागद टेबलावर सपाट ठेवू नका. सपाट कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब पडतो आणि आखूड दिसतो. मग आपण नकळत वरचं सगळं ताणून काढतो. चित्र उभं धरलं की बरणी उंचच उंच झालेली असते, आणि का झाली ते कळत नाही. पॅडचा खालचा काठ मांडीवर आणि मधला भाग टेबलाच्या कडेला टेकवा, म्हणजे कागद साधारण तुमच्या नजरेसमोर तिरका येईल.

लिहिताना आपण टोकाजवळ धरतो आणि बोटं हलवतो. त्या पकडीत दोन-अडीच इंचांची रेघ सरळ येते, पुढे ती खाली झुकते, कारण मनगट एका जागी टेकलेलं असतं आणि हात त्याच्याभोवती फिरतो. लांब रेघेला पेन्सिल टोकापासून तीन-चार बोटं मागे धरा, मनगट कागदावरून उचला आणि कोपरापासून, शक्य तिथे खांद्यापासून हात हलवा.

हे ऐकायला अवघड वाटतं, पण तुम्ही ते घरात पाहिलेलं आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आठवा. बोटं फक्त चिमटीतून रांगोळी सोडत असतात, रेघ ओढतो तो सबंध हात. आणि तिची नजर हाताखाली नसते. ती पुढच्या ठिपक्यावर असते.

दुसरी पायरी: दोन ठिपके, एक रेघ

कागदावर चार-पाच इंचांवर दोन ठिपके द्या. पेन्सिल पहिल्या ठिपक्यावर आणा, टेकवू नका. हवेतल्या हवेत दोन्ही ठिपक्यांमध्ये हात तीन-चार वेळा फिरवा. हाताला दिशा कळली की नजर दुसऱ्या ठिपक्यावर ठेवून एका दमात रेघ ओढा. ठिपका चुकला तरी चालेल, थांबून दुरुस्त करायचं नाही. रेघ आत्मविश्वासानं जाऊन थोडी चुकलेली असेल तर ती लवकर सुधारते. भीत भीत, तुकड्या-तुकड्यानं जोडत नेलेली केसाळ रेघ महिनोन् महिने तशीच राहते.

एक पान आडव्या रेघांचं, एक उभ्यांचं, एक तिरक्यांचं. उजव्या हाताच्या माणसाला खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी तिरकी रेघ सगळ्यात सोपी जाते, विरुद्ध दिशेची जड जाते. जड जाते तिची दोन पानं काढा. खऱ्या चित्राच्या वेळी मात्र कागद फिरवून घ्यायला काहीच हरकत नाही.

चार-पाच दिवसांनी याला दाबाचा सराव जोडा. रेघ फिकट सुरू करून मध्यापर्यंत गडद करा आणि पुन्हा फिकट होत संपवा. पुढे तांब्याचा पोटाकडचा भाग आणि गळ्याकडचा भाग वेगळा दाखवायला हाच दाब कामी येतो.

पहिला आठवडा यात जाईल. कंटाळा येईल. त्यावर उपाय म्हणून शेवटची पाच मिनिटं मनाला येईल ते काढा, फक्त रोज आधी रेघा.

तिसरी पायरी: बांगडी आणि पाण्याचा ग्लास

नवशिक्यांची सगळ्यात जास्त चित्रं इथे बिघडतात, म्हणून इथे घाई नको.

एक बांगडी घ्या. डोळ्यांसमोर उभी, तुमच्याकडे तोंड करून धरा. पूर्ण गोल दिसेल. आता वरची कड हळूहळू तुमच्यापासून लांब कलती करा. गोल चपटा होत जाईल, लंबगोल होईल, आणि बांगडी डोळ्यांच्या पातळीत अगदी आडवी झाली की नुसती रेघ उरेल. बांगडी तीच आहे, बदललं ते तुम्ही तिच्याकडे कुठून बघता ते.

आता काचेच्या सरळ ग्लासात अर्ध्यापर्यंत पाणी भरा आणि तो टेबलावर ठेवून खुर्चीत बसा. ग्लासात तीन गोल आहेत: तोंडाचा, पाण्याच्या पृष्ठभागाचा आणि बुडाचा. तिन्ही खरे गोल, पण दिसतात तीन वेगवेगळे लंबगोल. तोंडाचा सगळ्यात चपटा, पाण्याचा त्याहून उघडा आणि बुडाचा सगळ्यात गोलसर. डोळ्याच्या पातळीपासून जे जितकं खाली, तितकं ते जास्त उघडतं. ग्लास उचलून पाण्याची पातळी डोळ्यासमोर आणलीत तर पाणी एक सरळ रेघ होतं. त्याच वेळी तोंडाचा लंबगोल खालून दिसायला लागतो आणि बुडाचा वरून. हे करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, वाचून पटत नाही.

शाळेत असताना मी प्रत्येक भांड्याचं तोंड लंबगोल काढायचे आणि बूड पट्टीनं मारल्यासारखं सरळ. डोकं सांगायचं, टेबल सपाट आहे, मग त्यावर टेकलेलं बूडही सपाटच. आमच्या सरांनी एक दिवस काही न बोलता पाण्याचा ग्लास माझ्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, "बूड बोटानं गिरव." काचेवरून बोट फिरवलं तेव्हा कळलं की ते खाली वळतंय, चांगलं वळतंय, तोंडापेक्षाही जास्त.

लंबगोल काढताना तीन गोष्टी सांभाळा. एक, दोन्ही टोकं कधीही टोकदार करायची नाहीत. होडीसारखं टोक आलं की भांडं चेमटल्यासारखं दिसतं. तिथे वळण लहान असतं, पण वळणच असतं. दोन, डोळ्याला दिसणार नसली तरी मागची बाजूही काढा, सबंध लंबगोल एकाच फिरत्या हालचालीत, हवेत दोन फेऱ्या मारून मग कागदावर दोन. तीन, आधी भांड्याच्या मधोमध एक उभी फिकट रेघ घ्या, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी येते. तांब्या, कळशी, माठ यांना ही मधली रेघ घेतल्याशिवाय सुरुवातच करू नका.

रोज एक पान लंबगोलांचं, दहा दिवस. सोबत वाटी, पेला, स्टीलचा डबा.

चौथी पायरी: खोकं

काड्यापेटी, साबणाचं खोकं, चहाच्या पुड्याचं खोकं, काहीही चालेल. जवळची कड मोठी दिसते, लांबची लहान, आणि मागे जाणाऱ्या कडा एकमेकींकडे कलत जातात. चाळीच्या लांब गॅलरीत एका टोकाला उभं राहून बघा. कठड्याची रेघ लांब जाताना वर चढते, छताची खाली उतरते, आणि वाढवल्या तर दोन्ही तुमच्या डोळ्याच्या उंचीवर एका बिंदूत मिळतात. खाली बसलात की तो बिंदूही तुमच्याबरोबर खाली येतो. खोक्यातही हेच घडतं, फक्त लहान प्रमाणात. सुरुवातीला हा कल फार वाढवून काढला जातो आणि खोकं निमुळतं होतं. लहान वस्तूत कल अगदी थोडा असतो.

एक आठवडा खोकी पुरे. पुढे पुस्तकं, मोबाइल, पाट, खुर्ची हे सगळं खोक्यातूनच निघतं.

पाचवी पायरी: मापं घेणं, आणि अखेर तांब्या

हात पूर्ण ताठ करा, कोपर वाकवू नका, एक डोळा मिटा. पेन्सिल उभी धरून तिचं टोक तांब्याच्या काठाशी लावा आणि अंगठा बुडाशी सरकवा. ही झाली उंची. तसाच हात आडवा करून पोटाची रुंदी बघा: उंचीच्या किती पट? गळ्याची रुंदी पोटाच्या निम्मी आहे, की जास्त? ही मापं जशीच्या तशी कागदावर उतरवायची नाहीत, फक्त एकमेकांशी ताडायची आहेत. कोपर जरा वाकलं तरी माप बदलतं, म्हणून हात ताठ.

मग कागदावर तांब्याची वरची आणि खालची हद्द दोन खुणांनी ठरवा, मधली रेघ घ्या, तोंडाचा लंबगोल, गळ्याचा, पोटाचा, बुडाचा. शेवटी बाजूच्या कडा जोडा. पोटाची वळणं एका दमात. तांब्या जमला की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात, खरंच सांगते.

कपबशी काढताना कपाचा कान नेहमी फसतो. तिथे कान काढू नका, कानातून दिसणारी मोकळी जागा काढा. त्या जागेला नाव नसतं, त्यामुळे डोकं मध्ये पडत नाही आणि डोळा जे दिसतं तेच टिपतो. खुर्चीच्या पायांमधल्या जागा, फांद्यांमधलं आकाश, कमरेवर हात ठेवून उभ्या माणसाच्या कोपरातला त्रिकोण, सगळीकडे ही युक्ती चालते.

याच सुमारास आठवड्यातून दोनदा आणखी एक करा. डावा हात समोर ठेवा, नजर त्याच्या कडेवर ठेवा आणि कागदाकडे अजिबात न बघता, कडेवरून मुंगी चालल्यासारखी पेन्सिल चालवा. पाच मिनिटं. चित्र विचित्र दिसेल, त्याचं काही नाही. बोटाच्या पेरावरच्या ज्या सुरकुत्या तुम्ही जन्मात पाहिल्या नव्हत्या, त्या त्या दिवशी दिसतील.

सहावी पायरी: उजेड आणि सावली

आधी छटांची पट्टी. एका ओळीत पाच चौकोन काढा. पहिला कोरा, शेवटचा ६बीनं जितका काळा होईल तितका, मधले तीन समान अंतरानं गडद होत जाणारे. सोपं वाटतं, पण मधले तिन्ही एकसारखेच येतात. चार-पाच पट्ट्यांनंतर जमतं. छटा रेघांनीच भरा. बोटानं घासू नका. बोटाचा तेलकटपणा कागदात मुरतो आणि डाग मग निघत नाही.

आता एक पांढरी वस्तू घ्या. अंडं उत्तम, घरात चालत नसेल तर टेबलटेनिसचा चेंडू. पांढरीच का? रंग असला की डोळा रंग आणि सावली यांत गोंधळतो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी ग्रीक पुतळ्यांच्या पांढऱ्या प्लॅस्टर प्रतिकृतींवरून छायाप्रकाशाचा अभ्यास केला. पांढऱ्यावर उजेडाशिवाय दुसरं काही दिसतच नाही. आपलं अंडं म्हणजे तीच सोय, घरच्या घरी.

ट्यूबलाइट बंद करा. तिचा पसरट उजेड सावली पुसून टाकतो, आणि दोन ट्यूब असतील तर दोन सावल्या पडतात. सकाळी एका खिडकीशी बसा, किंवा संध्याकाळी एकच टेबललॅम्प बाजूनं लावा. डोळे किलकिले करून बघा, म्हणजे बारकावे विरतील आणि मोठे भाग उरतील. उजेडाच्या बाजूला सगळ्यात लख्ख जागा, पुढे मध्यम छटा, मग सगळ्यात गडद पट्टा. आता नीट बघा: हा गडद पट्टा अंड्याच्या कडेला नाही, कडेच्या थोडा आत आहे. कडेशी पुन्हा अंधूक उजळ दिसतं, कारण टेबलावर पडलेला उजेड उलटून अंड्याच्या खालच्या अंगाला लागतो. अंड्याखाली निळा कागद ठेवला तर त्या जागी निळसर झाक येते. आणि शेवटी टेबलावर पडलेली सावली, अंड्याला टेकते तिथे सगळ्यात काळी, लांब जाईल तशी मऊ.

कडेपर्यंत काळं करत नेलं की अंडं चपटी तबकडी होतं. ती उलटून आलेली थोडी उजळ कड ठेवली की ते गोल होऊन टेबलावर बसतं. ती कड फार उजळही करू नका. सावलीच्या भागातलं काहीही उजेडाच्या भागापेक्षा गडदच असलं पाहिजे.

यानंतर तोच तांब्या पुन्हा घ्या, छायेसकट. चकचकीत पितळी असेल तर तूर्त बाजूला ठेवा, त्यातली प्रतिबिंबं सुरुवातीला गोंधळात टाकतात. मातीचा माठ किंवा कुंडी बरी.

सातवी पायरी: घराबाहेर

सहा आठवडे झाले की खिशात मावेल अशी वही आणि एक बॉलपेन घेऊन बाहेर पडा. पेनच, म्हणजे खोडायचा प्रश्न नाही. एसटी स्टँड सगळ्यात चांगली जागा: माणसं बसलेली, पेंगलेली, पिशव्यांवर रेललेली. एका माणसाला अर्धा मिनिट. चेहरा, बोटं, चपला सोडून द्या. डोक्याचा कल, खांद्यांची तिरकी रेघ, पाठीचं वळण आणि वजन कुठल्या पायावर किंवा कुठल्या कुल्ल्यावर आहे ते, बस्स. वारली चित्रातला माणूस बघा: टोकाला टोक जुळलेले दोन त्रिकोण आणि काड्यांचे हातपाय, पण तो नाचतोय की ओझं उचलतोय हे लांबूनही कळतं. वरचा त्रिकोण एका बाजूला कलला की खालचा दुसऱ्या बाजूला जातो. आपल्या अर्ध्या मिनिटात तेवढंच पकडायचं आहे.

माणूस हलला तर चित्र तिथेच सोडून शेजारी दुसरं सुरू करा. तोच माणूस दहा मिनिटांत पुन्हा जुन्या पवित्र्यात येतो, तेव्हा पहिलं पुढे न्या. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये कोल्हापूरहून येऊन जे. जे.मध्ये विद्यार्थी झाले आणि पुढे तिथेच शिक्षक. मिरवणुका, बाजार, लग्नघरं अशी माणसांनी गजबजलेली चित्रं ही त्यांची ओळख. त्यांची चित्रं प्रदर्शनात बघायला मिळाली तर गर्दीतल्या मागच्या रांगेतल्या माणसांकडे बघा. तिथे नाक-डोळे जवळपास नाहीत, तरी प्रत्येकाचं उभं राहणं वेगळं आहे.

घरी आल्यावर वही न उघडता, पाहिलेला एक माणूस आठवणीतून काढा. ग्रेड परीक्षेतलं स्मरणचित्र म्हणून हा प्रकार आपल्याला माहीत असतो, पण तिथे मुलं बरेचदा पाठ केलेली जत्रा आणि पाठ केलेला पतंग काढतात. इथे आज दुपारी बघितलेला माणूसच हवा. पिशवी कुठल्या हातात होती हे आठवेना, तर उद्या बघताना ते आपोआप टिपलं जाईल.

प्रत्येक पानावर तारीख घाला आणि एकही पान फाडू नका, बिघडलेलं तर मुळीच नाही. स्टँडवर कुणी ना कुणी डोकावून बघतंच. "माझं काढा की," असं म्हणालं तर जरूर काढा, दोन मिनिटं स्वस्थ बसलेला माणूस आयता मिळतो. पान मागितलं तर मोबाइलवर फोटो काढू द्या. पान वहीतच राहू द्या.